रोपवे मधेच थांबला तर काय करायचं: पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

चैत्रातलं असो की अश्विनातलं, नवरात्र लागलं की गोंदियाहून डोंगरगडकडं जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. आमगाव, सालेकसा, दरेकसा, बोरतलाव करत माणसं डोंगरावरच्या बमलेश्वरी देवीच्या दर्शनाला निघतात. वर जायला हजाराहून जास्त पायऱ्या. पोट्टे पळत चढतात, गुडघे धरलेली मायमावशी मात्र रोपवेच्या रांगेत लागते. त्याच घरातला नोकरीला लागलेला मुलगा हिवाळ्यात टूरवाल्याबरोबर काश्मीरला जातो आणि गुलमर्गचा गोंडोला (बंद केबिनींचा रोपवे), बर्फावरची चेअरलिफ्ट (तारेला लटकलेल्या उघड्या खुर्च्या) असं सगळं करून येतो. केंद्राच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ योजना जाहीर झाली आणि देशभर नव्या रोपवेंची कामं निघाली. धानाच्या आणि कापसाच्या मुलखातल्या माणसालाही आज ना उद्या तारेला लटकून जायची वेळ येणारच.

जाताना मजा येते. मधेच थांबलं की मात्र आपल्या माणसाचं धाबं दणाणतं, कारण तिथं नेमकं काय चाललंय हे कोणी सांगितलेलं नसतं. लिफ्ट थांबली म्हणजे तुटली असं नाही. बहुतेक वेळा ती मुद्दाम थांबलेली किंवा थांबवलेली असते. त्या वेळी तुमचं काम एकच, बसून राहायचं. ऐकायला सोपं आहे, करायला कठीण, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिफ्ट थांबते काहून?

चेअरलिफ्ट आणि गोंडोला यांची रचना साधारण सारखीच. खाली एक आणि वर एक मोठं आडवं चाक, त्यांच्याभोवती पोलादी तारांच्या दोराचा अखंड फेरा. एका टोकाचं चाक मोटर फिरवते. मधल्या खांबांवर लहान चाकांच्या रांगा असतात, त्यांवरून दोर सरकतो आणि दोराला चिमट्यांनी खुर्च्या किंवा केबिनी धरलेल्या असतात. मोठ्या केबिनच्या रोपवेत प्रकार थोडा वेगळा. तिथं एक जाड तार जागेवर ताणलेली असते, केबिन तिच्यावरून चाकांवर पळते आणि दुसरी तार तिला ओढते.

या सगळ्यावर पहारा ठेवायला जागोजागी सेन्सर आणि स्विच बसवलेले असतात. वारा ठरलेल्या वेगापेक्षा वाढला, दोर खांबावरच्या चाकावरून जरा सरकला, वीज गेली, ब्रेकच्या तेलाचा दाब उतरला, चढताना कोणी पडला आणि कर्मचाऱ्यानं लाल बटण दाबलं, यातलं काहीही झालं की लिफ्ट उभी राहते. बर्फावरच्या चेअरलिफ्टवर तर दिवसभरातले बरेचसे थांबे पहिल्यांदा बसणाऱ्यांमुळंच होतात. कोणाला वेळेवर बसता येत नाही, कोणाला उतरता येत नाही.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. मोटरपंपावर लोड आला, फेज गेला की स्टार्टर पडतो. चिडचिड होते, पण मोटर वाचते. स्टार्टर सारखा पडतो म्हणून त्यात काडी खुपसून ठेवणारे बहाद्दर आपल्या गावात आहेतच, आणि त्यांच्या मोटरीचं पुढं काय होतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. इटलीतल्या मोत्तारोने डोंगरावर अगदी हेच झालं. तिथल्या रोपवेचा आपत्कालीन ब्रेक वारंवार लागत होता. फेऱ्या खोळंबू नयेत म्हणून तो ब्रेक लागूच नये असा लोखंडी अडसर घालून ठेवला होता. २३ मे २०२१ ला वरच्या स्टेशनजवळ ओढणारी तार तुटली, केबिन धरायला ब्रेक नव्हता, आणि १५ जणांपैकी १४ गेले. थांबणाऱ्या लिफ्टवर रागावण्याआधी एवढं आठवावं. जी कधीच थांबत नाही तिच्यात बसायला मी तरी कचरेन.

बसण्याआधी

वारा बघा. झाडाचे शेंडे जोरात हलताहेत, ढग काळे होताहेत, दूर वीज चमकतेय, तर रांग सोडा. २५ जून २०१७ ला गुलमर्गला सोसाट्याच्या वाऱ्यात झाड उन्मळून रोपवेवर पडलं, केबिन खाली आली आणि सात जणांचा जीव गेला. तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

संध्याकाळची शेवटची फेरी टाळा. ती बंद पडली तर सगळं अंधारात करावं लागतं, आणि अंधारात प्रत्येक काम दुप्पट वेळ खातं. देवीचं दर्शन सकाळच्या पारी उरकलं तर गर्दीही कमी लागते.

लघवीला जाऊन या. यात हसण्यासारखं काही नाही. वर तासभर अडकलेल्या माणसाला भुकेपेक्षा याचाच त्रास जास्त होतो.

प्रत्येक केबिनमागं निदान एक पाण्याची बाटली, एक शाल, थोडा गूळ किंवा बिस्किटं आणि चार्ज असलेला एक मोबाइल असावा. ‘आमच्या ग्रुपमध्ये आहे ना’ हे चालत नाही. ग्रुप दहा केबिनींत वाटला जातो. बीपी-शुगरच्या गोळ्या हॉटेलच्या बॅगेत नको, खिशात हव्यात. काश्मीरला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड चालतं. पाच जणांच्या केबिनमध्ये पाचही प्रीपेडवाले बसले, तर पाच मोबाइल असून खाली निरोप जायचा नाही.

बसताना दोन आकडे बघून ठेवा. एक केबिनचा किंवा खुर्चीचा, तो तिच्यावरच लिहिलेला असतो. दुसरा खांबांचा, वर जाताना खांबावरचे आकडे वाचत जा. लहान मुलांना हे काम द्या, ती आनंदानं करतात. अडकल्यावर ‘आम्ही मधात आहोत, लवकर या’ असं सांगण्यापेक्षा ‘केबिन १८, खांब ७ आणि ८ च्या मधे, चार मोठे, एक लेकरू, एका मावशीला दम्याचा त्रास’ असं सांगितलं, तर खालच्या माणसाचा अर्धा तास वाचतो. केबिनमध्ये किंवा तिकिटाच्या मागं फोन नंबर छापलेला असतो, तो बसतानाच मोबाइलमध्ये टाका.

चेअरलिफ्टची रीत अशी. पाठीवरची बॅग पुढं घ्यायची. ओढणी, पदर, मफलर, जॅकेटचे लोंबते पट्टे आत खोचायचे, कारण उतरताना हेच खुर्चीत अडकतात. खूण केलेल्या जागी उभं राहून खांद्यावरून मागं बघायचं, खुर्ची मांडीला लागली की बसायचं, मागं सरकायचं आणि वरचा दांडा खाली ओढायचा. नीट बसता आलं नाही तर खुर्चीला लोंबकळू नका, लगेच सोडून बाजूला व्हा. कर्मचारी लिफ्ट थांबवतो. त्याचं रोजचंच काम आहे, लाजायचं कारण नाही. गोंडोल्याची केबिन स्टेशनात पूर्ण उभी राहत नाही, हळू सरकत राहते. तिच्याबरोबर दोन पावलं चालत आत शिरायचं. आत दोन्ही बाजूंना सारखी माणसं बसवा. सगळे एकाच खिडकीकडं फोटोला नको.

थांबली. पहिली दहा मिनिटं

थांबताना खुर्ची किंवा केबिन मागंपुढं झुलते, खालीवर हिंदकळते. तार ताणलेली असते म्हणून ती अशी हलणारच. दांडा धरून बसा, झोका आपोआप मंदावतो. उभं राहू नका, मागच्या केबिनमधल्या बहिणीला हाक मारायला वाकू नका, दाराशी खेळू नका. दार आतून उघडत नाही म्हणून पुष्कळांचा जीव कासावीस होतो, पण ते तसं असावं म्हणूनच बनवलंय.

बहुतेक थांबे काही मिनिटांत सुटतात. चालू होताना झटका बसतो, म्हणून ‘आता काय होते’ म्हणत उभं राहिलेला माणूस नेमका तेव्हा पडतो. वीज गेली असेल तर डिझेल इंजिनावर लिफ्ट अगदी हळू चालवून सगळ्यांना स्टेशनात आणतात. कधी उलटीही चालवतात, पण हळू आणि भोंग्यावर सांगून. गोगलगाईच्या गतीनं का होईना सरकू लागली, तर तुमची सुटका सुरू झाली आहे.

दहा मिनिटांत काही हललं नाही तर छापलेल्या नंबरवर फोन करा, न लागल्यास ११२ वर. एका केबिनमधून एकच फोन. बाकीच्यांनी मोबाइल बंद करून ठेवायचे. व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकायची घाई कोणाला झाली असेल तर त्याचा मोबाइल खुशाल काढून घ्या; ती बॅटरी रात्री आठ वाजता सोन्याच्या भावाची होते. शिवाय घरी आई तो व्हिडिओ बघून जेवायची नाही, ते वेगळंच.

उडी मारू नका. बर्फ वरून कापसासारखा मऊ दिसतो, पण त्याखाली दगड, झाडाचे बुंधे, गोठलेला कडक थर असतो. खुर्ची दोन-तीन मजले उंच असते, कुठं त्याहून जास्त. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचलमधल्या परवाणूला ट्रॉली ओढणारी तार तुटली आणि ट्रॉली मागं घसरून दरीवर लटकली. ट्रॉलीतल्या कर्मचाऱ्यानं उडी मारली, तो गेला. आत बसून राहिलेले दहा जण वाचले. लष्कराचे मेजर इवान क्रॅस्टो हेलिकॉप्टरमधून ट्रॉलीच्या छतावर उतरले आणि एकेकाला वर पाठवत राहिले. अंधार पडल्यावर काम थांबलं तेव्हा ते उरलेल्या प्रवाशांबरोबर रात्रभर ट्रॉलीतच थांबले. त्यांना पुढं कीर्तिचक्र मिळालं. हेलिकॉप्टर चालवणारे फली मेजर (मेजर हे त्यांचं आडनाव) नंतर वायुसेनाप्रमुख झाले.

या नियमाला अपवाद एकच आहे. तो क्वचित लागतो, पण माहीत असावा. चेअरलिफ्ट न सांगता उलटी पळायला लागली आणि वेग वाढतच गेला, तर खालच्या स्टेशनात खुर्च्या एकमेकींवर आदळतात. १६ मार्च २०१८ ला जॉर्जियातल्या गुदाउरीला असंच झालं. खाली खुर्च्यांचा ढिगारा झाला आणि अनेक जण जखमी झाले. बरेच जण आधीच उड्या मारून त्यातून सुटले. अशा वेळी बॅग टाकून द्या, दांडा वर करा आणि खुर्ची जमिनीपासून हातभर अंतरावर आली की स्टेशनाच्या अलीकडंच बाजूला उडी मारून खुर्च्यांच्या वाटेतून लोळत दूर व्हा. उंचावर असताना मात्र हे करायचं नाही. थांबलेल्या लिफ्टवरून तर कधीच नाही.

तास उलटला की

आता लढाई थंडीशी, उन्हाशी किंवा घाबरगुंडीशी असते.

गुलमर्गचा वरचा टप्पा जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर जातो. नागपूरच्या डिसेंबरातल्या थंडीचा अंदाज तिथं कामाचा नाही. वारा लागत असेल तर त्याच्याकडं पाठ करा, कानटोपी खाली ओढा, हात काखेत घाला, बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा. चेअरलिफ्टवर चिकटून बसा, लहान मूल मधे. दारू गरम करते हा समज इथं जीव घेऊ शकतो. अंगातली ऊब उलट ती बाहेर घालवते. सोबतचा माणूस कुडकुडत असेल तोवर त्याचं शरीर झुंजतंय. त्याचं कुडकुडणं थांबलं आणि तो काहीबाही बोलू लागला, झोपाळला, तर ताबडतोब खाली कळवा, त्याची केबिन आधी घ्यायला सांगा.

डोंगरगडला चैत्रात उलटं. बंद केबिन दुपारी तापते. खिडकीची फट पूर्ण उघडा, ओढणीचा किंवा दुपट्ट्याचा पडदा करून उन्हाची बाजू झाका, पाणी घोटघोट सगळ्यांना द्या. शुगरवाल्या माणसाला घाम सुटला, हात थरथरले की आधी गूळ.

लघवीची वेळ आलीच तर रिकामी बाटली आणि मधे धरलेली शाल. बाईमाणसाला संकोच वाटतो, म्हणून केबिनमधल्या वडीलधाऱ्या बाईनंच पुढाकार घेऊन बाकीच्यांना तोंड फिरवायला सांगावं.

घाबरलेल्या माणसाशी वाद घालू नये. ‘काही होत नाही जी’ असं दहादा म्हटल्यानं त्याची भीती जात नाही. त्याला काम द्या: ‘काका, खाली माणसं किती दिसतात, मोजा बरं’, ‘मावशी, तुम्ही या पोरीचे हात चोळा’. भजन म्हटलं तरी चालतं, फक्त टाळ्या वाजवत डोलू नका. सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्स-इटलीच्या सीमेवर माँ ब्लाँ डोंगरावरच्या रोपवेच्या तारा एकमेकींत अडकल्या आणि ११० माणसं हवेत राहिली. त्यांतल्या ३३ जणांनी हिमनदीवर लटकत रात्र काढली. सकाळी तारा सोडवल्यावर केबिनी चालवूनच त्यांना स्टेशनात आणलं.

दोरानं उतरवायला आले तर

लिफ्ट चालूच होत नाही असं ठरलं की बचाव पथक एकेका खुर्चीखाली येतं. ते टोकापासून किंवा खांबापासून क्रमानं येतात. तुमची पाळी यायला दोन-तीन तास लागू शकतात. ‘आमच्याकडं आधी या’ म्हणून ओरडून उपयोग नाही. आजारी माणूस असेल तरच सांगा.

चेअरलिफ्टवर असं होतं. खालून एक हलकी दोरी तुमच्या वरच्या तारेवरून पलीकडं फेकतात आणि तिच्या मागून जाड दोर ओढून घेतात. दोराच्या एका टोकाला बसायची पट्टी किंवा काखेत घालायचा पट्टा असतो. दुसरं टोक खालच्या माणसाच्या हातात, ब्रेकच्या कडीतून गेलेलं. तो दोर सैल सोडेल तसे तुम्ही खाली येणार. तुम्हाला स्वतःला दोर धरून उतरायचं नाही, ताकदही लावायची नाही.

दोर फेकताना खाली वाकून झेलू नका, तो तुमच्यापर्यंत येईल. दांडा ते सांगेपर्यंत खालीच ठेवा. पट्टा हातात आला की ते सांगतील तसा घाला आणि बक्कल लागल्याचं ओरडून सांगा. खुर्चीत दोघे-तिघे असाल तर एकानं पट्टा घालताना बाकीच्यांनी मधे सरकून खुर्ची धरून ठेवायची, कारण एक जण उतरला की ती दुसऱ्या बाजूला कलते. मग ‘घसरा’ म्हणाले की खुर्चीच्या कडेवरून पुढं घसरायचं. उडी नाही, नुसतं घसरायचं. दोराला वजन लागलं की हातभर खाली गचका बसेल. इथंच माणूस घाबरून खुर्ची पकडतो आणि अर्धा इकडं अर्धा तिकडं लोंबकळतो. हात सोडा. पाय जुळवून गुडघे थोडे वाकवून ठेवा, म्हणजे जमिनीला टेकताना घोटा मुरगळणार नाही. पायात स्की असतील तर ठेवायच्या की काढायच्या ते पथक सांगेल. आपल्या मनानं खाली फेकू नका, खाली माणसं उभी असतात.

गोंडोल्याच्या केबिनमध्ये बचाव करणारा वरून येतो. खांबावर चढून तारेवरून सरकत केबिनच्या छतावर, तिथून दार बाहेरून उघडून आत. छतावर पावलं वाजली की घाबरू नका, आणि दार उघडल्यावर दाराकडं धावू नका. तो आत येऊन आधी दोर बांधतो, मग एकेकाला पट्ट्यात बसवून दारातून खाली सोडतो.

आपल्या बायकांचा खोळंबा इथंच होतो. बचावाचा पट्टा बहुतेक वेळा तिकोनी झोळीसारखा असतो, दोन टोकं कंबरेच्या बाजूंनी आणि एक टोक दोन पायांमधून पुढं. सहावारी पातळात ते तिसरं टोक घालायचं कसं? मावशी लाजते, पथकातला पोरगा हिंदीतून सांगतो, वेळ जातो, मागचे ओरडतात. सोपा उपाय असा. निऱ्या दोन पायांमधून मागं नेऊन कंबरेत खोचायच्या, रोवणीला वाफ्यात उतरताना खोचतो तशा. पदर कंबरेला घट्ट गुंडाळायचा. आत लेगिंग किंवा पायजमा असेल तर आणखी सोपं. रोपवेत बसणारच असाल तर त्या दिवशी घालूनच जा. मंगळसूत्र आणि गळ्यातली माळ ब्लाउजच्या आत. धोतरवाल्या आजोबांना काहीच अडचण नाही, त्यांचा कासोटा तयारच असतो.

लेकरांचं एक बघा: मूल वर एकटं राहू नये आणि खाली अनोळखी माणसांत एकटं पोचू नये. दोन मोठे असतील तर एक आधी उतरतो, मग मूल, मग दुसरा. पथकाला आधीच विचारून ठरवा. मुलाला म्हणा, ‘खाली बाबाकडं बघत राहा, दोराला हात लावू नको.’ तान्हं असेल तर त्याला ओढणीनं स्वतःच्या छातीशी बांधून उतरायचा विचार स्वतः करू नका, त्यासाठी त्यांच्याकडं वेगळी सोय असते.

हेलिकॉप्टर आलं तर

दरी खोल असेल, खाली पथक पोचू शकत नसेल, तरच हेलिकॉप्टर येतं. सिनेमात बघायला छान वाटतं, पण सगळ्यांत जोखमीचा मार्ग हाच. १० एप्रिल २०२२, रामनवमीचा दिवस. झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावरचा रोपवे बिघडला आणि पन्नासाच्या आसपास माणसं ट्रॉल्यांत अडकली. चाळीस तासांहून जास्त काळ सुटका चालली. ड्रोननं पाणी आणि खाणं पोचवलं, वायुसेना, लष्कर, एनडीआरएफ सगळे लागले. तीन जण गेले, त्यांतले दोघे हेलिकॉप्टरनं काढताना पडून. म्हणून इथं सूचनेबाहेर एक बोटही हलवायचं नाही.

हेलिकॉप्टर वर आलं की पंख्याच्या वाऱ्यानं ट्रॉली जोरात झुलते. सुटी शाल, पिशवी, टोपी आधीच आत कोंबा. खाली आलेल्या दोराच्या आकड्याला झडप घालू नका. उडत्या हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, त्यामुळं सणसणीत झटका बसू शकतो. बचाव करणारा जवान पोचेपर्यंत थांबा. काखेतला पट्टा घातल्यावर दोन्ही हात खाली, कोपरं अंगाशी घट्ट. भीतीनं वरचा दोर धरायला हात वर केले की त्याच पट्ट्यातून माणूस खाली सटकतो. हेलिकॉप्टरच्या दाराशी पोचल्यावरही स्वतः चढायचा प्रयत्न नको, आतली माणसं पाठीमागून ओढून घेतात.

खाली उभे असलेल्यांसाठी

गावाजवळ असं काही झालं की सगळा गाव गोळा होतो. त्रिकूटला पहिली मदत आसपासच्या गावकऱ्यांनीच केली. ऑगस्ट २०२३ मध्ये पाकिस्तानातल्या बट्टग्रामला आठ जण, त्यांतली बहुतेक शाळेत निघालेली पोरं, एका गावठी पाळण्यात तार तुटून अडकली. एका मुलाला हेलिकॉप्टरनं काढलं, बाकीच्यांना रात्रीच्या अंधारात झिपलाइनचं काम जाणणाऱ्या स्थानिक माणसांनी तारेवरून जाऊन आणलं. पण त्यांच्याकडं कप्प्या, पट्टे आणि उंचीवरच्या कामाचा सराव होता. बैलाचा कासरा किंवा उन्हात दोन वर्षं पडलेला नायलॉनचा नाडा घेऊन खांबावर चढणारा भाऊ म्हणजे पथकाला सोडवायचा आणखी एक माणूस.

तुम्ही खरंच उपयोगी पडाल ते इथं: पथकाला जंगलातली पायवाट दाखवा, ट्रॅक्टर-जीप वाटेतून काढा, तारेखालची जागा मोकळी करा, बॅटऱ्या, पाणी, घोंगड्या आणि बाज आणून ठेवा. जखमी माणूस पायऱ्यांवरून आणायला बाजेसारखी दुसरी चीज नाही. तारेच्या बरोबर खाली उभं राहू नका. वर अडकलेल्यांना ‘तार तुटली म्हणे’ असलं काही ओरडून सांगू नका. मोठ्यानं आणि खरं तेवढंच सांगा: पथक कुठवर आलं, किती वेळ लागेल. गावात ‘आपदा मित्र’चं, म्हणजे आपत्तीत मदत करायचं, प्रशिक्षण घेतलेला कोणी असेल तर त्याला पुढं करा.

जत्रेतला आकाशपाळणा अडकला तरी हेच सगळं लागू. फक्त तिथं पाळणेवाल्याला हातानं चक्र फिरवू द्या, आणि वरच्या पोट्ट्यांना खांबावरून उतरायची हौस करू देऊ नका.

खाली पोचल्यावर

लगेच गाडीकडं निघू नका. नाव लिहून घेणारा कर्मचारी असतो, त्याला आपलं नाव द्या, नाहीतर तुम्हाला शोधत पथक रात्री पुन्हा डोंगर चढेल. आपल्या ग्रुपची माणसं मोजा. ज्याचे कपडे ओले आहेत त्याचे आधी बदला, कोरड्या घोंगडीत गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. थंडीनं पांढरी पडलेली बोटं चोळायची नाहीत, शेकोटीजवळ धरायची नाहीत. बधिर बोटाला चटका कळत नाही. काखेत धरून किंवा कोमट पाण्यात हळूहळू ऊब द्या. पट्ट्यात बराच वेळ लटकून आलेल्याला चक्कर येऊ शकते, त्याला आडवं करा. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, बोलणं अडखळतंय असं काही असेल तर डॉक्टरला दाखवूनच पुढं.

तिकीट फाडून टाकू नका. पैसे परत मागायला, जखमेचा खर्च मागायला किंवा तक्रार करायला तोच कागद लागतो. केबिनचा नंबर आणि थांबल्याची वेळ त्याच्याच मागं लिहून ठेवा.